कमानीखाली

अमळनेरच्या मगनला शब्द देऊन बसल्यावर बन्सीलालने पोरीला फोन केला. खरं तर आधी फोन करायला हवा होता, हे त्यालाही कळत होतं. मगन त्याचा कॉलेजातला दोस्त. त्याचा मुलगा नवल बँकेत लागलेला, घर पाहण्यातलं. केळीच्या बागेत उभ्या उभ्या बोलणं झालं आणि पोरगी दाखवायचा रविवार ठरला.

"नाना, मी नाही येणार," डिंपल फोनवर म्हणाली. दुसऱ्यांदा केला तेव्हाही तेच, तिसऱ्यांदाही तेच.

म्हणून तो स्वतःच निघाला. रावेर ते मालवण म्हणजे जवळजवळ सगळा महाराष्ट्र उभा कापायचा. डिंपल तिथे तीन वर्षांपासून होती. पाठीवर हवेची टाकी बांधून ती नवख्या लोकांना समुद्राखाली फिरवून आणायची. घरात, गावात कुणी विचारलं तर बन्सीलाल सांगायचा, पोरगी हॉटेलात मॅनेजर आहे.

"दोन दिवस राहा," ती म्हणाली. "एकदा माझ्यासोबत खाली या. मग रविवारचं बोलू."

पहिला दिवस कमरेएवढ्या पाण्यात गेला. तोंडानेच श्वास घ्यायचा, श्वास कधी कोंडायचा नाही, कान दुखला तर नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. तळहात समोर आला की थांबायचं. तापीत पोहलेल्या माणसाला हे सगळं पोरखेळ वाटलं.

दुसऱ्या दिवशी होडी खडकांच्या रांगेपाशी थांबली. तिथे पाण्याखाली पंचवीस फुटांवर एक दगडी कमान होती. दोन माणसं शेजारी शेजारी सहज निघतील एवढी रुंद, म्हणून नवख्यांना तिथेच नेत. बाप-लेक उतरले. खाली पोवळ्यांचे जांभळे-पिवळे झुबके होते, त्यांच्यामधून पट्ट्यापट्ट्यांचे मासे चालले होते. बन्सीलाल बघतच राहिला. हे पोरगी रोज बघते, असं त्याच्या मनात आलं.

कमानीच्या मध्यावर त्याला मागून कुणीतरी धरलं.

त्याने पुढे जोर लावला. हलेना. पाय झाडले, तर उजवा पायही कशात तरी गुरफटला. कोळ्यांचं तुटलेलं नायलॉनचं जाळं रात्रीतून वाहत येऊन कमानीच्या छताला अडकलं होतं आणि त्याच्या टाकीचा वरचा भाग त्यात शिरला होता. वर जावं तर डोक्यावर खडक. केळीच्या घडावर प्लास्टिकची पिशवी चढवतात तसं पाणी आपल्याभोवती घट्ट आवळलं जातंय, असं त्याला झालं. श्वास भराभर सुटू लागला, काचेसमोर नुसते बुडबुडे.

त्या बुडबुड्यांतून एक तळहात पुढे आला.

डिंपल त्याच्या तोंडासमोर होती. तिने दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे नेली : माझ्याकडे बघा. मग हात हळूहळू खालीवर केला. तो हात खाली जाईल तसा श्वास सोडायचा. पाच-सहा श्वासांनंतर त्याची छाती जरा थाऱ्यावर आली. तिने त्याचे दोन्ही हात एका खडकाच्या कंगोऱ्यावर ठेवले, कमरेची छोटी पाटी काढली आणि त्यावर लिहिलं : हलू नका. मी मागे आहे.

आणि ती दिसेनाशी झाली.

पाठीवर हिसके जाणवू लागले. एक, दोन. नायलॉन कापल्याचा करकर आवाज टाकीतून थेट हाडात उतरत होता. तो श्वास मोजत राहिला. वीस झाले, तीस झाले. मग हिसके थांबले.

चाळीस झाले. मागे काहीच नाही.

ती गेली असेल का वर, कुणाला आणायला? की तिलाच काही झालं? मान वळवता येत नव्हती. हात सोडून सगळी ताकद लावावी, सुटेल तरी किंवा तुटेल तरी, असं शंभरदा मनात आलं. शेतात, घरात, पंचायतीत त्याने कधी कुणाच्या सांगण्यावरून हात बांधून घेतले नव्हते. टाकीतली हवा दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा निम्म्याच्या खाली आला होता. तरी त्याने खडक सोडला नाही. साठ. पासष्ट.

बहात्तराव्या श्वासाला पुन्हा करकर सुरू झालं, पाय मोकळा झाला आणि खांद्यावर हात पडला. कमानीबाहेर येताच त्याला एकदम वर झेपावायचं होतं. तिने जाकीट धरून त्याला सावकाश, अगदी सावकाश वर नेलं.

होडीत तो कडेला वाकून ओकला. मग तोंड पुसत म्हणाला, "मध्येच काय करत होतीस एवढा वेळ?"

"माझीच हवेची नळी जाळ्यात गुंतली होती," डिंपल म्हणाली. "आधी ती सोडवली."

"घाबरली नाहीस?"

"घाबरले ना." तिने जाकिटाला चिकटलेला जाळ्याचा तुकडा उपटून काढला. "तुम्ही हलला असतात, तर आणखी आवळलं असतं. दोघांनाही."

संध्याकाळी तो म्हणाला, "हे सोड. चल घरी. आता तर माझा जीवच होणार नाही तुला इथे ठेवायला."

"खाली माझं ऐकलंत, नाना. फोनवर तीनदा सांगितलं, ते का नाही ऐकलं?"

सकाळी ती आणखी दोघांना घेऊन उरलेलं जाळं काढायला त्याच कमानीकडे गेली. दुपारी परत आल्यावर तिने त्याला गाडीत बसवून दिलं.

शनिवारी बन्सीलाल घरी न जाता आधी अमळनेरला उतरला. मगन अंगणातच होता.

"पोर कोठे शे?"

"ती येणार नाही, मगन. मी तिला न विचारताच तुला शब्द दिला. चूक माझी."

"बठ्ठा पाव्हणासले सांगी टाकं ना मी." सगळ्या पाहुण्यांना रविवारचा निरोप गेलेला; मगनने समोरची खुर्ची उचलून भिंतीला लावली. "तू हाई फोनवर सांगी सकतास."

"तोंडावर सांगावं म्हटलं."

मगनने पाणीसुद्धा विचारलं नाही. तीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. नवल ओट्यावरून उठून आत गेला.

स्टँडवर येऊन बन्सीलालने डिंपलला फोन लावला. बंद. ही तिची पाण्यात असण्याची वेळ होती. तीन वर्षं तो या वेळेला बंद लागत होता, आणि रेंज नसेल म्हणून बन्सीलाल आपला फोन खिशात टाकून देत होता. आज त्याला तो कमानीखालचा काळोख दिसला, आणि फोन त्याने हातातच ठेवला. जळगावची एसटी लागली, भरली, निघून गेली. तो बाकावर बसूनच होता. गाडीच्या घरघरीत रिंग ऐकू आली नाही तर?

पाऊण तासाने फोन वाजला.

"वर आले, नाना. काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "मगनकडे जाऊन आलो. रोज वर आलीस की एक फोन करत जा."

मग त्याने घरी बायकोला, मंदाबाईला फोन लावला. तिला सगळं सांगायचं होतं, आणि पोरगी नेमकं काय काम करते, तिथपासून सुरुवात करावी लागणार होती.