ओल्या फडक्यातला कॅमेरा

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो. अकोला जिल्ह्यातल्या एका गावात, चतुराबाईच्या घराच्या टिनाखाली बसून मी फाटकाकडे बघत असतो. एकेकाळी मी पांढराशुभ्र होतो. आता उन्हानं पिवळा पडलोय आणि माझ्या काचेवर आतून एक कायमचा डाग आहे. तो कसा पडला, तेच तुम्हाला सांगतो.

बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या वर्षी चतुराबाईचा मुलगा ललित पुण्याला कंपनीत लागला. वावर, म्हणजे शेत, मक्त्यानं दुसऱ्याकडे कसायला गेलं. ललितचे वडील देवमनबाबा तेव्हापासून हळूहळू सगळं विसरू लागले. वावर आता आपण कसत नाही, हेही त्यांच्या लक्षात राहीना. चतुराबाई कामाला गेली की ते फाटक उघडून वावराकडे निघायचे. म्हणून ललितनं मला बसवलं. फाटकापाशी कोणी हललं की पुण्यात त्याचा मोबाईल वाजायचा. मग तो शेजारच्या परवेजला फोन करायचा आणि परवेज बाबांना वाटेतूनच परत आणायचा. गावात माझं फार कौतुक झालं. खरं सांगतो, मला जरा शिंगंच फुटली होती.

पण आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे उन्हाळा. टिनं तापली की मी आतून भाजून निघायचो. चित्र गुलाबी व्हायचं, कधी दुपारभर बंदच पडायचं. परवेज मोबाईल आणि कॅमेरे दुरुस्त करायचा. त्यानं माझा तापणारा अडॅप्टर घरात हलवला, कोळ्याची जाळी झाडली, काच कोरड्या मऊ कापडानं पुसायला शिकवलं. डोक्यावर सावलीला पत्र्याची टोपी बसवू म्हणाला, पण लग्नसराईत ते राहूनच गेलं.

चतुराबाईला माझी दया आली. माठाला ओलं फडकं गुंडाळतात, तसं तिनं जुन्या लुगड्याचं फडकं भिजवून माझ्या अंगाला गुंडाळलं. काच तेवढी उघडी ठेवली. म्हणाली, "तुले बी त ऊन लागतच असन ना, बाप्पा." रोज कामाला जायच्या आधी स्टुलावर चढून ती ते पुन्हा ओलं करायची. मला इतकं बरं वाटायचं. एवढी माया माझ्यावर कोणीच केली नव्हती. पण उन्हानं माझ्या पाठीचं रबर तडकलं होतं. वायरीच्या भोकातून पाणी आत झिरपलं आणि काचेवर आतून वाफ धरली.

ललितला मोबाईलवर नुसतं पांढरं दिसू लागलं. त्यानं आईला काच पुसायला सांगितली. तिनं मन लावून पुसली, पण वाफ आत होती. तिथं तिचा हात कसा पोचणार? धूळ बसली असेल, रविवारी परवेजला दाखवू, असं मायलेकांचं फोनवर ठरलं.

रविवार यायच्या आधीच एका दुपारी फाटकाची कडी वाजली. मला ती ऐकू आली, दिसलं मात्र काहीच नाही. पुण्यातला मोबाईल वाजला नाही.

देवमनबाबा वावरात सापडले. पेरणीआधी रान साफ करायचं म्हणून भर उन्हात ते कपाशीची वाळलेली झाडं, पऱ्हाटी, उपटत होते. उपटलेल्या पऱ्हाट्यांची त्यांनी नीट मोळी बांधली होती आणि तिच्याच शेजारी ते पडले होते. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं.

बाबांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर परवेजनं मला खाली काढलं. अंगणात बसून त्यानं मला उघडलं, तर आतून पाणी ओघळलं. त्याची नजर बाजूला पडलेल्या फडक्याकडे गेली आणि हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच थांबला. ललितच्याही लक्षात आलं. त्यानं मान खाली घातली.

"कावून बंद पडला होता रे हा?" चतुराबाईनं विचारलं.

परवेजनं ते फडकं आपल्या पाठीमागे सारलं. मग म्हणाला, "उन्हानं, काकू. लय तापला होता."

"मी त रोज फडकं भिजवत होती," ती म्हणाली. "कमीच पडलं मंग."

परवेजनं मला वाळवलं, नवं रबर लावलं, पत्र्याची टोपीही बसवली. वाफेचा डाग तेवढा गेला नाही. मी अजून फाटकाकडे बघतो, पण वावराकडे निघणारं आता कोणी नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

मित्रांनो, तुमच्या घरच्या कॅमेऱ्याला सावली द्या, त्याला पाण्यापासून जपा, आणि चित्र बिघडलं तर रविवारची वाट पाहू नका. आणि कधी आमच्या गावाला आलात, चतुराबाईच्या माठातलं पाणी प्यायलात, तर मी कशानं बंद पडलो होतो, ते तिला सांगू नका.