व्लायकोव साहेबांची निळी गाडी

गिन्काला गाडी हवी होती ती मिरवायला नव्हे. सेव्हलिएवोच्या आसपासच्या अकरा गावांत ती म्हाताऱ्याकोताऱ्यांचे केस कापत हिंडायची. एका पिशवीत कात्र्या, दुसऱ्या पिशवीत केस वाळवायचं यंत्र. त्या उन्हाळ्यात डोंगराकडची बस आठवड्यातून दोनदाच सुटू लागली आणि तिचं निम्मं गिऱ्हाईक केस वाढवून बसलं. एके काळी तिच्याकडे गाडी होती. पण सहा वर्षांपूर्वी नवरा त्याच गाडीतून ग्रीसला संत्री तोडायला गेला आणि दोघंही परत आले नाहीत. "गाडीचं वाईट वाटतं," एवढंच ती त्याबद्दल बोलायची.

पावाच्या दुकानाच्या काचेवर तिला एक चिठ्ठी दिसली. निळी, मागे मोठी डिकी असलेली डिझेल गाडी, पंधरा वर्षं जुनी, बत्तीसशे लेवा, गॅरंटी नाही. खाली वळणदार अक्षरात सही: पे. व्लायकोव.

चिठ्ठीचा फोटो तिने धाकट्या भावाला दाखवला. कामेन सहकारी शेतावर ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. गाड्यांच्या बाबतीत तो ताकसुद्धा फुंकून प्यायचा.

"ताई, हे पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल," तो म्हणाला. "वर लिहिलंय गॅरंटी नाही. उद्या इंजिन हातात आलं तर कुणाच्या नावानं रडशील?"

"अरे, व्लायकोव साहेब आहेत ते. ड्रायव्हिंगची परीक्षा घ्यायचे."

"मग?"

"मला दोनदा नापास केलं होतं त्यांनी."

कामेनला यात गाडी घेण्याजोगं काय आहे ते कळेना. तेव्हा गिन्काने त्याला ती जुनी गोष्ट सांगितली. कामेन त्या वेळी शाळेत होता, त्याला आठवत नव्हती. परीक्षेच्या आदल्या दिवशी वडिलांनी साहेबांच्या घरी एक कोकरू पोचवलं होतं. साहेबांनी कोकरू परत पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी तिला नापास केलं, कारण वळताना तिने आरशात पाहिलं नव्हतं. महिन्याभराने पुन्हा नापास. तिसऱ्या खेपेला पास केलं, तेही चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता. शेजारची स्तांका मात्र दुसऱ्या एका परीक्षकाला दोन टर्की देऊन पहिल्याच दिवशी पास झाली, आणि आठवड्याभरात दुधाच्या दुकानात घुसली. दारातून नव्हे, भिंतीतून.

"त्या माणसाचा शब्द माझ्यासाठी गॅरंटीच आहे," गिन्का म्हणाली.

"माणसं म्हातारी होतात, ताई," कामेन म्हणाला. पण शनिवारी तो बरोबर आला.

सप्टेंबर होता. गल्लीभर ढोबळ्या मिरच्या भाजल्याचा वास सुटला होता. व्लायकोव साहेब अंगणात स्टुलावर बसून भाजलेल्या मिरच्यांची सालं काढत होते. ऐंशीच्या घरातले, ताठ, एका डोळ्यात मोतीबिंदू. दीड वर्षापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. त्यांचा मुलगा ल्यूबेन सोफियाहून आला होता, वडिलांना आपल्याकडे न्यायला. त्याआधी घरातलं एकेक विकून टाकायचं चाललं होतं. बोलणंचालणं तोच करत होता.

गाडी दारात धुऊन पुसून उभी होती. कामेनने बॉनेटवर तळहात ठेवला.

"गरम आहे," तो म्हणाला.

"आत्ताच अंगणातून बाहेर काढली ना," ल्यूबेन चटकन म्हणाला. "दादा, गाडी म्हणजे फुलासारखी जपलीय. बाबांनी कधी ऐंशीच्या वर नेली नाही."

"नव्वद," साहेब मिरचीचं देठ उपटत म्हणाले. "एकदा. तुझी आई आजारी होती तेव्हा." मग गिन्काकडे पाहून म्हणाले, "बाई, फुलाबिलासारखी नाही. डावं मागचं दार आतून उघडत नाही. हीटर दोनच नंबरवर चालतो. पावसात डिकीत पाणी येतं. तुम्ही चालवून बघा, मी शेजारी बसतो."

साहेबांनी तिला ओळखलं नव्हतं. तिनेही ओळख सांगितली नाही. ती स्टिअरिंगला बसली, साहेब शेजारी, कामेन आणि ल्यूबेन मागे. आणि चोपन्न वर्षांच्या त्या बाईचे तळहात घामेजले! तिने आसन पुढे घेतलं, आरसा नीट केला, पट्टा लावला, पुन्हा आरसा नीट केला. मागून कामेन खुदकन हसला.

गाडी छान निघाली. गिअर लोण्यासारखे पडत होते, इंजिनाचा आवाज मऊ, एकसारखा. नदीवरचा पूल ओलांडून ती चढाला लागली तेव्हा गिन्काने मनातल्या मनात गाडी घेऊनही टाकली होती. ल्यूबेन मागून सोफियातल्या किमती सांगत होता.

"गप्प बस जरा," साहेब एकदम म्हणाले.

ते मान तिरकी करून ऐकत होते. अर्धा किलोमीटर तसेच बसले. मग जुन्या सवयीच्या आवाजात म्हणाले, "उजवीकडे बाजूला घ्या आणि थांबवा."

गिन्काने थांबवली. आपलंच काही चुकलं असं तिला वाटलं.

"ही गाडी टकटक करते," साहेब म्हणाले. "तीन वर्षं करते आहे. सकाळी जास्त, चढावर थोडी. आज करत नाही. का करत नाही?"

ल्यूबेन खिडकीबाहेर बघू लागला.

"भाऊ, तुम्ही तेल बघा."

कामेन उतरला. बॉनेट उघडून त्याने थोडा वेळ जाऊ दिला, मग तेलाची पट्टी उपसून उन्हात धरली. तेल थेंबाने पडायचं सोडून मधासारखं लोंबत राहिलं.

"दाट औषध ओतलंय," तो म्हणाला. "महिनाभर आवाज दबतो. मग पहिल्यापेक्षा मोठ्यानं बोंबलतो."

ल्यूबेनचे कान लाल झाले. "बाबा, सगळेच करतात हो. कोणता विकणारा गाडीला बोलायला लावतो? आणि वर लिहिलंयच की गॅरंटी नाही."

"गॅरंटी नाही म्हणजे पुढे काय होईल ते मला माहीत नाही," साहेब म्हणाले. "जे माहीत आहे ते लपवीन, असं नाही लिहिलं मी."

त्यांचा आवाज चढला नव्हता. तरी गिन्काला बापलेकांमध्ये बसल्यासारखं अवघडलं. काहीतरी बोलावं म्हणून ती बोलून गेली, "साहेब, तुम्ही मला दोनदा नापास केलं होतंत. कोकरूही परत पाठवलंत. म्हणूनच तर आले मी."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. तिला ओळखलं की नाही ते त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. मग तो म्हणाला, "कोकरं बरीच आली होती."

गिन्काने गाडी परत वळवली. दारात उतरल्यावर साहेबांनी सांगितलं, "आज गाडी विकत नाही. माफ करा, बाई." आणि मिरच्यांकडे वळले.

कामेनला सुटल्यासारखं झालं होतं. गिन्काला मात्र रितं रितं वाटत होतं. सोमवारी ती बसने गेली, बुधवारी चार किलोमीटर चालली. एका म्हातारीने केस कापल्याच्या पैशांबरोबर तिला अक्रोडाची पिशवी दिली, ती वाहताना खांदा भरून आला.

नवव्या दिवशी फोन वाजला. "व्लायकोव बोलतोय. ते तेल काढून टाकलं. उद्या सकाळी सहाला या, इंजिन थंड असताना. भावाला आणा."

सकाळी धुकं होतं. ल्यूबेन अजून गेला नव्हता, अंगावर स्वेटर ओढून दारात उभा होता. साहेबांनी गिन्कालाच किल्ली फिरवायला लावली. गाडी सुरू झाली आणि अशी टकटकू लागली की शेजारच्या घराची खिडकी उघडली.

कामेनने लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मुठीवर कान लावला, चार ठिकाणी ऐकलं. मग सरळ झाला.

"इंजिनाच्या वरच्या भागाचा आवाज आहे, ताई. खालचा असता तर मी तुला हात धरून घरी नेलं असतं. हे मला करता येईल. फार तर तीनशे लेवा, नि माझे दोन रविवार."

"मग सव्वीसशे," साहेब म्हणाले आणि त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर त्यांनी गाडीचे सगळे दोष ओळीने लिहिले होते, तेरा. ते एकेक वाचू लागले. पुढच्या काचेचा चरा, हॉर्न थंडीत घोगरा, असं बारीकसारीक सगळं. वाचून झाल्यावर ल्यूबेनने घसा साफ केला.

"मागचे टायर," तो म्हणाला.

"टायरांचं काय?"

"जुने आहेत. मी काळा रंग फासलाय. या थंडीत नाही टिकायचे." तो जमिनीकडे बघत होता. "लिहा, बाबा. चौदा."

साहेबांनी चष्मा वर केला, मुलाकडे पाहिलं, आणि पेन त्याच्याच हातात दिलं. "तूच लिही. माझं अक्षर आता हलतं."

नोटरीकडे सह्या झाल्या. खरेदीदाराने गाडी पाहिली आहे, पुढे कोणतीही तक्रार करणार नाही, हे छापील वाक्य नोटरीबाईंनी सवयीने भरभर वाचलं. साहेबांनी त्यांचा कागदही जोडायला सांगितला. बाईंनी तो पाहिला आणि हसू आवरून म्हणाल्या, "आजोबा, गाडी विकताय की तिची पत्रिका मांडताय?" पण जोडला.

कामेनने दोन म्हणता तीन रविवार घेतले, टकटक थांबवली, टायर बदलले. गिन्का पुन्हा अकरा गावं करू लागली. डिकीत पाणी येतच होतं, तिने तिथे एक जुनं घोंगडं टाकलं.

जानेवारीत, बर्फात, स्तोकिते गावाच्या चढावर गाडी बंद पडली. डायनॅमो जळाला होता. कामेन ट्रॅक्टर घेऊन येईपर्यंत ती एका गिऱ्हाइकाच्या चुलीपाशी बसली, आणि सहज म्हणून तिने सोफियाला फोन लावला.

"डायनॅमो?" साहेब पलीकडून म्हणाले. त्यांना फार लागलं ते. "तो चांगला होता. मी लिहिला नाही, कारण तो चांगला होता."

"माहीत आहे, साहेब. तक्रार नाही करत. सांगितलं फक्त."

"आधी दिवे मंद व्हायचे का?"

"दोनेक दिवस."

"तेव्हाच दाखवायला हवी होती." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही गरम ठिकाणी आहात ना?"

ती आहे म्हणाली. मग त्यांनी सोफियातल्या बर्फाचं सांगितलं. पाचव्या मजल्यावर राहायला कसं वाटतं ते सांगितलं. ल्यूबेनने मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घेतली होती, तीही सांगितली. पुढच्या अंगणात ट्रॅक्टरचा आवाज आला तरी दोघं बोलतच होते. कामेनने दारातून डोकं आत घातलं आणि खुणेनेच विचारलं, कोण आहे. गिन्काने फोनवर हात ठेवला.

"गाडीवाले," ती म्हणाली. "बस जरा, चहा घे."