तिसरी मूठ

"मिताली, मला कॅप्टन म्हणू नकोस," म्हातारा खेकसला. "कॅप्टन वरून नेमतात. अतामानाला माणसं निवडतात."

शिफ्ट संपत आली होती, मीही वैतागलेलीच. "बरं बाबा, अतामान! आता गोळी घ्या."

वेस्टमीडजवळच्या आमच्या वृद्धाश्रमात ग्रिगोरी पोटाच्या कॅन्सरने आला होता. महायुद्धानंतर लहानपणीच सिडनीत आलेला कोसाक, म्हणजे रशियाकडच्या घोडेस्वार लढवय्या जमातीतला, आणि इथल्या मूठभर कोसाकांचा निवडलेला पुढारी.

"अता म्हणजे तातारांच्या भाषेत बाप, असं आमची जुनी माणसं सांगायची," तो म्हणाला. "पंडित अजून भांडतायत म्हणे. पण हा बाप पोरंच निवडतात आणि पोरंच काढतात."

"मग द्या ना राजीनामा. या वयात कसली पुढारकी?"

"कुणाला देऊ? निवडणारे सगळे मीच पुरले. फ्योदोर उरलाय. त्याला मागे टाकून अतामान म्हणून मला मरता येत नाही."

फ्योदोर आमच्याच डिमेन्शिया वॉर्डात. त्याला स्वतःचं नावही आठवत नाही, भेटायला कुणी येत नाही. ग्रिगोरीला एवढंच हवं होतं, मरायच्या आत फ्योदोरने त्याला मोकळं करावं.

असल्या भानगडीत मी पडत नाही. पण त्याचं तोंड बघून जीव तुटला. दुपारी त्याला व्हीलचेअरवरून बागेत नेलं. फ्योदोर कुंडीपाशी बसला होता. ग्रिगोरीने टोपी काढली, अतामानाची काठी फ्योदोरच्या मांडीवर ठेवली आणि चारी दिशांना मान लववली. "चुकलं असेल ते माफ करा. मला सोडा."

फ्योदोर काठीकडे बघत राहिला. मग त्याने कुंडीत हात घातला आणि ओल्या मातीची मूठ ग्रिगोरीच्या टकलावर थापली.

"अगं बाई!" मी धावले.

"थांब!" ग्रिगोरी पांढराफटक पडला होता. "नवा अतामान निवडला की म्हातारे त्याच्या डोक्यावर चिखल थापायचे. मस्ती चढू नये म्हणून."

ग्रिगोरी "नाही" म्हणाला. दुसरी मूठ. पुन्हा "नाही." तिसरी पडली तेव्हा मात्र गप्प बसला. "दोनदाच नकार देता येतो," मला म्हणाला.

त्या दिवसापासून त्याने मॉर्फिन बंद केलं. झोपेत गेलो तर फ्योदोर मागे राहील, म्हणे. डोकंही धुऊ देईना. डॉक्टर भांडले, मी भांडले. "मेलात तरी चालेल, पण असे विव्हळू नका हो!" असं ओरडले आणि बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले. आठवडाभर तो ओठ चावत तग धरून राहिला. मग गेला. अंग मी पुसलं. कानामागची वाळलेली माती तेवढी राहू दिली.

आज फ्योदोरला भरवायला बागेत गेले. काठी अजून त्याच्या मांडीवरच. त्याचं कुणीच नाही, उद्या गेला तर सरकारी खर्चाने कुठेतरी पुरतील. मला बघून त्याने कुंडीत हात घातला.

मिताली, तुझा काय संबंध? पळ इथून.

"नाही," मी म्हणाले. केसांतून चिखल कपाळावर ओघळला. दुसरी मूठ. "नको हो आजोबा, प्लीज."

तिसऱ्यांदा त्याचा हात अर्धाच वर आला. तो पोचेना, म्हणून मी खाली वाकले.