रमणने विणलेला स्वेटर

"घाण कर गं, अजून घाण!" रमण सोफ्यावरून म्हणाला. "हा तर प्रदर्शनात ठेवण्यासारखा व्हायला लागलाय."

सुलेखाने विणकाम दिव्यासमोर धरलं. लाल लोकरीवर पांढरी मेंढी, मेंढीच्या डोक्यावर सांताक्लॉजची टोपी. मेंढीचे चारही पाय अगदी एका रेषेत आले होते आणि तेच नेमकं चुकलं होतं. इथे दक्षिण गोलार्धात डिसेंबरात ऊन तापतं आणि थंडी जुलैत पडते, म्हणून थंडीतल्या नाताळची हौस असलेली मंडळी तो जुलैत पुन्हा एकदा साजरा करून घेतात. रमणच्या ऑफिसात तशी मिडविंटर ख्रिसमसची पार्टी होती. प्रत्येकाने घरी केलेला, होईल तितका कुरूप स्वेटर घालून यायचं आणि सगळ्यांत कुरूप ज्याचा त्याला बक्षीस.

आता ही बाई पुण्याच्या मुलींच्या शाळेत बावीस वर्षं विणकाम शिकवत होती. एक टाका सुटला तर अख्खा पट्टा उसवायला लावायची. तिला मुद्दाम टाका सोडता येईना. ठरवून सुई तिथवर न्यायची आणि हात आपला नीट टाका घालून मोकळा! तीन संध्याकाळी अशाच गेल्या. चौथ्या दिवशी तिने डोळे मिटून एक टाका सोडला आणि एकटीच खुदकन हसली.

मग मात्र तिला ऊत आला. एक बाही गुडघ्याला टेकेल अशी, दुसरी कोपरापर्यंतच. गळ्याला गोंडे, मागे खरी लोंबणारी शेपटी. वेलिंग्टनजवळच्या लोअर हटमधल्या त्या गार घरात हीटरला चिकटून ती विणायची आणि दिवसा कामावर चहाच्या सुटीतही विणायची. वृद्धांच्या एका रेस्ट होममध्ये ती केअरगिव्हर होती. म्हाताऱ्यांना अंघोळ घालणं, भरवणं, उठवणं-बसवणं. तिथल्या नव्वदीच्या एका माओरी आजींना सगळे नॅन म्हणत. नॅन तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसायच्या आणि सूचना करायच्या. मेंढीला दात लाव, हे त्यांचंच डोकं. सुलेखाने सहा पिवळे दात लावले.

"अहो, मीपण करू का एक मला? जोडीने जाऊ," तिने रमणला विचारलं होतं.

"नको गं, फक्त स्टाफ आहे. बायका, नवरे कोणी नाही. बजेट नसतं त्यांचं."

"बरं," ती म्हणाली. वाईट वाटलं, पण ऑफिसचा नियम म्हटल्यावर कोण काय करणार?

पार्टीहून रमण चॉकलेटचा भला मोठा डबा घेऊन आला. लकी ड्रॉमध्ये लागला, म्हणाला. स्वेटर आवडला का, असं तिने तीनदा विचारलं. "हो, हो, हसले सगळे," एवढंच बोलून तो कपडे बदलायला गेला.

सोमवारी अर्धा डबा तिने रेस्ट होममध्ये वाटला. नॅननी एकदम तीन चॉकलेटं उचलली. तेवढ्यात त्यांची नात आली, हिने नावाची.

"किया ओरा, नॅन! फोटो बघ, आमच्या पार्टीतले."

हिने वेलिंग्टनला कुठल्याशा कंपनीत नुकतीच लागली होती, एवढंच सुलेखाला माहीत होतं. ती नॅनचा चहा घेऊन मागे उभी राहिली आणि तिची नजर फोनवर गेली. मेंढी. पिवळ्या दातांची. त्यावर रमणचा चेहरा, लाजून लाल झालेला, हातात चॉकलेटचा डबा.

"पहिला नंबर याचा," हिने सांगत होती. "स्वतः विणलाय, विश्वास बसतो का? बायको भारतात असते त्याची, तिच्या आईकडे. बिचारा एकटा कंटाळतो, म्हणून यूट्यूबवर बघून शिकला म्हणे. आम्ही भरपूर टाळ्या वाजवल्या."

सुलेखाची आई जाऊन सहा वर्षं झाली होती.

हिने पुढचे फोटो दाखवत गेली. ही तिची बॉस आणि बॉसचा नवरा. हा अमका आणि त्याची बायको. प्रत्येकाच्या शेजारी कोणी ना कोणी होतं. रमणच्या शेजारी टेबलाची कड होती.

नॅननी फोन डोळ्यांजवळ नेला. मेंढी त्यांनी ओळखली, न ओळखून कसं चालेल! त्यांनी मान वळवून सुलेखाकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. सुलेखाने घाईघाईने मान हलवली, नको म्हणून. नॅननी तोंड मिटलं. हातातलं उरलेलं चॉकलेट त्यांनी बशीत परत ठेवून दिलं.

आपण त्याची लाज का राखली, हे सुलेखाला कळेना. बसमध्ये तिला नुसता संताप येत होता. स्वेटर गेला तर गेला. त्याने मागितलं असतं, तर तिने तो हसत त्याच्या नावावर करून दिला असता. पण ती तीन आठवडे त्याच्यासाठी विणत बसली असताना तो रोज सकाळी ट्रेनने अशा ठिकाणी जात होता, जिथे ती या देशातच नव्हती. तिला फसवलं होतं, आणि फसवणारा सोफ्यावर बसून तिला सूचना देत होता.

संध्याकाळी रमण आला तो पिशवी घेऊनच. पिशवीत दोन नव्या सुया आणि निळ्या लोकरीचा गुंडा.

"सुलू, जरा टाके घालायला शिकव ना."

"तुम्हाला? कशाला?"

"असंच, टाइमपास. गुरुवारपर्यंत येईल ना गं थोडंफार?"

"गुरुवारी काय आहे?"

"ऑफिसातल्या काही जणी मागे लागल्यात. लंच अवरला दाखवायचंय थोडं."

सुलेखाने कणकेचे हात धुतले, पुसले आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"माझी आई कशी आहे?"

"काय?"

"मी तिच्याकडे आहे ना भारतात? कशी आहे तब्येत तिची?"

रमण खुर्चीत बसला. पिशवी त्याच्या मांडीवरच राहिली.

"कोणी सांगितलं तुला?"

"ते जाऊ दे. खोटं बोललात की नाही?"

"मागच्या वर्षी बार्बेक्यूला तू काय बोललीस आठवतंय?" तो एकदम चिडला. "बॉससमोर! 'तिकडे ह्यांच्या हाताखाली चाळीस माणसं होती.' इथे मी त्याच बॉसच्या मीटिंगची टिपणं काढतो, सुलेखा. महिनाभर हसत होते माझ्यावर."

"अहो, मी कौतुकाने सांगितलं."

"माहितीय. पण इथे कौतुक नाही वाटत ते. रडगाणं वाटतं." त्याचा आवाज खाली आला. "या वेळी विचारलं त्यांनी, बायको येणार का? तोंडून निघून गेलं, भारतात आहे. मग स्वेटर कोणी केला म्हणाले. आता तू तिकडे म्हटल्यावर... एकातून एक होत गेलं गं. इथल्या चार वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी टाळ्या वाजल्या."

सुलेखाला ते समजलं. समजलं म्हणूनच जास्त लागलं. चाळीस माणसांचा साहेब असताना या माणसाने तिला प्रत्येक समारंभात पुढे बसवलं होतं, आणि हलाखीच्या दिवसांत मात्र तिलाच दडवून ठेवलं होतं.

"उद्या सांगतो त्यांना खरं," तो म्हणाला. मग पिशवीकडे पाहत, "पण गुरुवारचं काय करू? सगळ्यांनी लोकर आणलीये. एवढं दाखव ना, फक्त सुरुवात कशी करायची ते."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याला खरोखरच गुरुवारची काळजी पडली होती.

"मी इथे नाहीये," ती म्हणाली. "मी कशी शिकवणार?"

कणीक तशीच टाकून ती बेडरूममध्ये गेली आणि दार लावून पलंगावर बसली. बऱ्याच वेळाने बाहेर फोनमधून एका बाईचा आवाज सुरू झाला. पहिला टाका कसा घालायचा ते ती इंग्रजीत सांगत होती. आवाज थांबे, मागे जाई, पुन्हा तेच वाक्य येई. सुई जमिनीवर पडली. पुन्हा तेच वाक्य. तो लोकर बोटाला उलटी गुंडाळतोय, हे सुलेखाला भिंतीपलीकडूनही कळत होतं. जाऊन त्याचा हात धरावा म्हणून ती अर्धवट उठली. मग दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरत ती परत पलंगावर बसली.