आठव्याची

"आजी, झगा पुढून उघडा ठेवा आणि मागे टेकून बसा," गीतांजली सिस्टर म्हणाली, तशी भिमाबाई खुर्चीवरून उठूनच उभी राहिली. मला नको म्हणाली, दुसरं कुणीतरी बघा.

दुसरं होतं कोण? सून संघप्रिया बाळंतपणात रक्तदाब चढून झटके आल्यामुळे वरच्या मजल्यावर पडून होती. मुलगा प्रितम पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यातून धावत आला तो खोकला घेऊनच, त्याला काचेच्या दाराआत कोण घेणार! राहिली आजी. एरवी ही बाई अख्ख्या कामोठ्याला पुरून उरायची, सोसायटीत आलेला पाण्याचा टँकर दोन शब्दांत अडवून ठेवायची. आज काचेच्या पेटीतल्या एवढ्याशा नातीपुढे ती मागे सरत होती.

भीती होती ती आठव्या महिन्याची. सातव्याचं लेकरू जगतं, आठव्याचं जगत नाही, असं तिच्या गावाकडे म्हणत. प्रितमला आईचा हा धसका ठाऊक, म्हणून त्याने पहिल्याच दिवशी थाप मारली होती की आई, सातवाच आहे, टेन्शन घेऊ नको. डॉक्टर आठवड्यांत बोलतात, आईला काय कळणार, असं त्याला वाटलं. अहो, पण सातव्या महिन्याचं डोहाळजेवण जिने स्वतःच्या हाताने रांधलं आणि त्यानंतरची पौर्णिमाही उलटलेली पाहिली, तिला कोण फसवणार? पुरुषांची अक्कल ती एवढीच. भिमाबाई मात्र गप्प बसली. उलट सुनेचा धीर सुटू नये म्हणून तिलाही तेच सांगून आली, सातमाशी पोरी दणकट असतात. आणि ती बिचारी स्वतःचे महिने पक्के ठाऊक असूनही "हो आत्या" म्हणाली. घरात तीन माणसं आणि तिघांच्या तोंडी एकच खोटं.

सिस्टरने पुन्हा समजावलं. पेटीची ऊब आहेच, पण माणसाच्या उघड्या छातीवर अशी बाळं शांत होतात, श्वास नीट घेतात, वजन धरतात. याला कांगारू म्हणतात. भिमाबाईने कांगारू कुठे बघितलाय!

"माकडीण पोटाशी धरती, तसं व्हय?"

"अगदी तसंच, आजी."

तरी ती बसेना. शेवटी खाली बघत बोलली, "माह्या छातीशी नगं, बाई. माही पहिली लेक आठव्यात झाली व्हती. आठव्याची हाय म्हणून कुणी हात लावला न्हाई. फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठिवली. मलाबी देईनात. लई येळ रडत व्हती."

सिस्टर एक पाऊल जवळ आली. मग विचारलं, म्हणजे ही आठव्यातली आहे हे तुम्हाला माहीत आहे? भिमाबाईने मान हलवली. पहिल्यापासून.

"आठव्याची आम्ही कितीतरी घरी पाठवतो, आजी. बसा तुम्ही."

या बोलण्यात असं काही होतं की भिमाबाई बसली. सिस्टरने नळ्या सांभाळत पोरीला उचललं आणि टोपडं घातलेलं ते डोकं तिच्या छातीवर ठेवलं, वरून झगा बांधला. मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखं मऊ अंग. पोर जरा वळवळली, नाकाने काहीतरी हुंगलं आणि निजली. बाजूच्या यंत्रावरचे उड्या मारणारे आकडेही हळूहळू थाऱ्यावर आले. भिमाबाईची पाठ भरून आली, पायाला मुंग्या आल्या, पण ती हलली नाही. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. एवढंच होतं का हे? एवढंच करायचं होतं?

"आमच्या टायमाला चाललं असतं का हे असं?" तिने हळूच विचारलं.

सिस्टरने खोटं सांगितलं नाही. "जगलीच असती असं नाही सांगता येत, आजी. पण तुमच्या उबेत तरी असती."

त्यानंतर भिमाबाई रोज आली. संघप्रिया बसती झाल्यावर तिने नात तिच्या छातीवर ठेवली, कशी धरायची ते स्वतः शिकवलं, जशी काही हिनेच ही विद्या काढली. घरी सोडलं त्या दिवशी तिने सिस्टरच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकड बोटं मोडली. "माह्या लेकीचं बी केलंस तू, माय," म्हणाली, "जय भीम."

सोसायटीच्या लिफ्टमध्ये शेजारच्या अरुणाताई भेटल्या. टोपडं जरा बाजूला करून बघत म्हणाल्या, "सातमाशी ना? म्हणूनच वाचली हो."

प्रितमने घाईघाईने मान डोलावली.

"न्हाई," भिमाबाई म्हणाली. "आठव्याची हाय."

प्रितम आईकडे बघतच राहिला. संघप्रिया हसली आणि तिचे डोळे भरून आले. भिमाबाईचं दोघांकडेही लक्ष नव्हतं. तिने छातीच्या डाव्या बाजूला निजलेल्या नातीवर पदर ओढून घेतला, आणि मग तोच पदर सावकाश रिकाम्या उजव्या बाजूवरही घेतला, तिथेही कुणी निजलेलं असावं तसा.