प्रवाळावरचा दिवा पुसला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना निळा-पांढरा दिवा आहे. रायपुरात, भनपुरीकडच्या एका घरात, काचेच्या टाकीवर टांगलेला. टाकीत खारं पाणी आणि त्यात जिवंत प्रवाळ. इथून समुद्र गाठायचा तर रात्रभर रेल्वेत बसावं लागतं, आणि या घरात बैठकीतच समुद्र! त्या समुद्राचा सूर्य मी. हसू नका, खरंच सांगतो.

घर अनंतरावांचं. ते उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधून निवृत्त झाले आणि प्रवाळ घेऊन आले. पहिल्या सकाळी मी खाली पाहिलं आणि थक्कच झालो. ज्याला मी दगड समजत होतो, ते माझा उजेड पडताच फुललं आणि हिरवीगार बोटं हलवू लागलं. अनंतराव सुनेला, शर्मिष्ठेला, समजावत होते. प्रवाळाच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी शेवाळं राहतात, ती उजेडावर अन्न तयार करतात आणि त्यालाही भरवतात. माझ्या उजेडावर कुणाचं तरी पोट भरतं! तेव्हापासून माझी ऐट विचारू नका.

पण या भागातली धूळ कुणाला सोडत नाही. माझ्या काचेवर थर चढत गेला. उजेड कमी वाटला की अनंतराव बटण जरासं पुढे सरकवत. असं करता करता तीन वर्षांत बटण शेवटाला टेकलं. काच पुसायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही, आणि टाकीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक होता.

यंदा महालक्ष्म्यांच्या आधी अनंतराव लेकीकडे नागपूरला गेले होते आणि तिथेच आजारी पडले. सणासाठी घर आवरताना शर्मिष्ठेनं मलाही खाली उतरवलं. आधी ओल्या फडक्यानं, मग कोरड्यानं, असं लख्ख पुसलं की मीच मला ओळखेना. जेवायला आलेल्या बायका टाकीसमोरून हलेनात. मी तर फुशारून गेलो.

चौथ्या दिवशी हिरवी बोटं आखडली. आठवड्यात प्रवाळ पांढरंफटक पडलं. धूळ गेल्यावर माझा सगळा उजेड एकदम त्याच्यावर कोसळला होता, आणि ती शेवाळं त्याला सोडून गेली होती. त्याला मीच उपाशी ठेवलं होतं. मला फार लाज वाटली, पण स्वतःहून मंद होणं माझ्या हाती कुठे होतं?

फोनवर सांगायचा शर्मिष्ठेला धीर झाला नाही. अनंतराव परतले तेव्हा ती दारातच म्हणाली, "मामाजी, मीच पुसला दिवा. चांगलं करायले गेली अन् मारलं मी त्याले."

त्यांनी टाकीसमोर वाकून प्रवाळ नीट निरखलं. मग म्हणाले, "मेलं नाही थे, पोरी. उपाशी आहे. उजेड कमी कर. तूच कर."

तिनं बटण पाव उजेडावर आणलं. महिनाभर ते तिथेच राहिलं. रोज सकाळी ती चहाआधी टाकीशी येई, बघे आणि जाई. मीही खाली बघत राही.

एका सकाळी त्या पांढऱ्या अंगाच्या टोकाला तांबूस छटा दिसली; शेवाळं परत येऊ लागली होती. मग एक बोट उघडलं. शर्मिष्ठा तिथेच खाली बसून रडली. मी पाव उजेडानं जळत होतो, आणि भर उजेडात कधी पाहिलं नव्हतं एवढं मोठं काही मी त्या दिवशी पाहिलं.

तेव्हा मित्रांनो, आम्हाला जरूर पुसा. पण पुसलंत की बटण मागे घ्या, आणि खाली जो जीव आहे त्याच्याकडे थोडे दिवस वाकून बघत राहा.