गोगलगाय माझ्या शेजारी राहायला आली

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही घरातले एकुलते एक आहात. खिडकीजवळची जागा तुमची, पहिला घास तुमचा आणि शाबासकी तर फक्त तुमचीच. मग एके दिवशी दारात एक खोके येते. त्यातून चकचकीत पाहुणा निघतो आणि सगळे जण तुम्हाला सोडून त्याच्याभोवती गोळा होतात. पोटात जळेल की नाही? माझ्या पोटात तर तसेही डिझेल जळत असते. मग माझे काय झाले असेल, पाहा!

मी एक जुने डिझेल इंजिन आहे. चारही चाकांनी चढ चढणाऱ्या एका उंच, दणकट गाडीच्या बॉनेटखाली मी राहतो. वितळलेले लोखंड साच्यात ओतून मला घडवले. तेव्हापासून मी माझी हवा माझ्याच छातीने ओढत आलो. कोणाकडे कधी मदत मागितली नाही.

माझे मालक मधमाश्या पाळतात. सपाटीवरची फुले संपली की ते मधाच्या पेट्या गाडीत भरून डोंगरावर नेतात. प्रवासात पेट्यांच्या दारांना जाळी लावलेली असते. त्यामुळे ऊन तापायच्या आत वर पोहोचावे लागते, नाहीतर माश्या आतल्या आत गुदमरतात. मालकांची मुलगी नेहमी सोबत असे. अंगाने एवढीशी, म्हणून सगळे तिला टिल्ली म्हणतात. चढ संपला की ती खाली उडी मारून माझ्या बॉनेटवर थाप द्यायची आणि म्हणायची, "शाब्बास रे म्हातारबा!" त्या एका थापेसाठी मी पुढचा चढही हसत चढत असे.

पण हळूहळू मला दम लागू लागला. मागच्या उन्हाळ्यात पेट्या जास्त होत्या. मी चढावर रखडलो आणि ऊन डोक्यावर आले. वर पोहोचल्यावर काही पेट्यांतून गुणगुण ऐकूच आली नाही. टिल्ली त्यांच्या शेजारी मान खाली घालून बसून राहिली. त्या दिवशी बॉनेटवर थाप पडली नाही.

"गाडी विकून टाकू," टिल्लीचे बाबा म्हणाले. "अशा गाडीत माश्या न्यायच्या म्हणजे त्यांचा जीव घेणं आहे."

टिल्लीच्या आत्याचे गाड्या दुरुस्त करायचे दुकान आहे. तिने माझे झाकण उघडले, कान देऊन माझा आवाज ऐकला आणि भावाला झापले. "दादा, इंजिन ठणठणीत आहे. त्याला हवा कमी पडतेय. टर्बो बसवू. नुसता विकू विकू काय करतोस, उद्या मलाही विकशील!"

"तुला घेणार कोण?" बाबा म्हणाले, आणि आत्याने तेलकट फडके त्यांच्या अंगावर भिरकावले.

असा तो टर्बो आला. गोगलगायीच्या शंखासारखा वळलेला, मुठीपेक्षा थोडा मोठा. टिल्लीने लगेच त्याचे नाव ठेवले, गोगलगाय. मला इतक्या वर्षांत नुसते म्हातारबा!

आत्याने मला सोलून काढले म्हणा ना. माझा धूर बाहेर जायच्या वाटेवरच तिने त्याला बसवले. माझ्या तेलाच्या वाटेतून एक नळी काढून त्याला दिली. ते तेल परत यावे म्हणून खालच्या तेलाच्या भांड्याला चक्क भोक पाडले. म्हणजे तेल माझे, पोटाला भोक माझ्या, आणि कौतुक कोणाचे? त्याचे!

"आत्या, हा करतो काय?" टिल्लीने विचारले.

"इंजिनाचा गरम धूर याचं चाक फिरवतो. त्याच दांड्यावर दुसरं चाक आहे, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. जास्त हवा, मग थोडं जास्त डिझेल, मग जास्त जोर."

ऐकलेत ना मित्रांनो? माझ्याच टाकून दिलेल्या श्वासावर हा फिरणार! पण हे कोणाच्या लक्षात राहिले नाही. पहिल्याच चढाला मी वाऱ्यासारखा सुटलो. सारी ताकद मी लावली, पण त्याने एक बारीक शीळ घातली आणि टिल्ली टाळ्या पिटत ओरडली, "बाबा, ऐका, गोगलगाय गातेय!" उन्हाच्या आधी आम्ही वर होतो. एकही माशी दगावली नाही. टिल्लीने उडी मारली, बॉनेट उघडायला लावले आणि माझ्याकडे न बघता त्याला म्हणाली, "शाब्बास!"

माझा नुसता जळफळाट झाला.

मात्र एक गोष्ट मला रोज कळत होती. वर पोहोचताच बाबा खट्कन चावी फिरवत. मधमाश्यांना हादरे आणि घरघर आवडत नाही, त्यात उभ्या गाडीत वाराही लागत नाही, म्हणून थांबल्यावर गाडी क्षणभरही चालू ठेवायची नाही, ही त्यांची जुनी शिस्त. मी थांबलो की माझे तेलही थांबे. पण तो तापून लाल झालेला असे आणि तेलाविना गरगरत राही. त्याची शीळ कोरडी, खरखरीत होऊन विरे. मला वाटे, बरे झाले, जिरू दे जरा!

जिरली, पण माझ्यासकट. काही फेऱ्यांनंतर शीळ चिरकू लागली, निळसर धूर निघू लागला आणि चढावर जोर कमी पडू लागला. बोलणी कोणी खाल्ली? मी! "शेवटी इंजिन ते इंजिनच," बाबा म्हणाले. "टर्बो नवा आहे, त्याला काय धाड भरलीय? आता मात्र विकायचीच."

आत्याने त्याची नळी सोडवली आणि आतला दांडा बोटाने हलवला. तो खुळखुळला. "दादा, वर पोहोचल्यावर गाडी बंद कधी करतोस?"

"लगेच. माश्यांना त्रास नको."

"अरे देवा! मी सांगितलं होतं ना, जरा वेळ सावकाश चालू ठेवायची, मग बंद करायची? तेल तिथल्या तिथं करपलं बघ. इंजिनानं काही केलेलं नाही. तूच याला उपाशी मारलंस."

"मग माझ्या माश्यांचं काय?" बाबांचा आवाज चढला. "गाडी गुरगुरत ठेवली तर त्या पिसाळतात."

दोघे भांडत राहिले. टिल्ली मात्र एकदा माझ्याकडे पाही, एकदा त्याच्याकडे.

आत्याने त्याचे आतले भाग बदलले. ही शेवटची संधी, असे बाबांनी बजावले. आम्ही पुन्हा पेट्या घेऊन निघालो. मी जळत होतो, तो गात होता, आणि चढ भराभर मागे पडत होता. मित्रांनो, खरे सांगू? मला तो आजही आवडत नाही. पण तो थांबला तर मी रखडतो, आणि मी एकदम गप्प झालो तर तो करपतो. तुमच्या घरी एखादे यंत्र असेल, किंवा दमूनभागून आलेले माणूस असेल, तर त्याला थोडी उसंत द्या. धावणाऱ्याला थांबायलाही वेळ लागतो.

पेट्या ठेवायचा माळ आला. त्याच्या कडेला एक दाट सावलीचे झाड आहे.

"बाबा, इथं थांबा. चावीला हात लावू नका!" टिल्ली म्हणाली.

"अगं, माश्या..."

पण ती केव्हाच खाली उतरली होती. तिने पाण्याचा डबा ओढून घेतला आणि पेट्यांवर पांघरलेली गोणपाटे एकेक करून भिजवली. आतली चिडकी गुणगुण हळूहळू उतरली. मी संथपणे गुरगुरत होतो, त्याला तेल पाजत होतो, आणि त्याची शीळ मंद, आणखी मंद होत गेली. ती पूर्ण थांबल्यावर टिल्ली खिडकीशी आली, ओले हात फ्रॉकला पुसले, पायरीवर चढून आत वाकली आणि बाबांच्या हातावरून आपला हात नेऊन तिने स्वतःच चावी फिरवली. मग पेट्या उतरवायला गाडीच्या मागच्या दाराकडे धावत सुटली.